हृदयस्नेही पंधरवडा

एकाच वर्षात तीन कर्मचाऱ्यांना हृदयविकाराचा झटका आल्यामुळे कार्यालयाचं काम रखडलं. एकाही झटक्याची पूर्वपरवानगी घेतलेली नव्हती. तेव्हा 'योग्य आहारातून हृदयरोग प्रतिबंध' असा पंधरवडा पाळायचं ठरलं आणि वरिष्ठ लिपिकाला हृदय समन्वयक नेमण्यात आलं. कारण एवढंच, की डॉक्टरांनी तंबी दिल्यापासून तो पावाला लोणी लावत नसे. बिचारा मनापासून पथ्य पाळायचा. बायको डब्यात उकडलेल्या भाज्या द्यायची आणि हा हूं की चूं न करता संपवायचा. धाकटी मुलगी अजून शाळेत होती. त्याला जगायचं होतं.

पंधरवडा म्हटला की बैठका आल्या. बैठकांना अल्पोपाहार आला, आणि अल्पोपाहारात तळलेले बटाट्याचे काप, लोण्याची बिस्किटं, दोन चमचे साखरेचा चहा. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. नियम जुना होता आणि तो बदलायला वेगळी बैठक लागली असती. तीही घेतली. तिलाही काप होते.

"मी डबा आणलाय," समन्वयक पहिल्याच दिवशी नम्रपणे म्हणाला.

"खा की डबा," इतिवृत्त लिहिणाऱ्या बाई म्हणाल्या. "पण हजेरी मी रिकाम्या बशा मोजून लावते. सह्या काय, कुणीही कुणाच्याही ठोकतं. बशी भरलेली दिसली की तुम्ही गैरहजर. समन्वयकच गैरहजर, म्हणजे बैठक रद्द. उद्या पुन्हा बैठक, पुन्हा काप."

बाईंचं म्हणणं बिनतोड होतं. त्याने बशी संपवली.

अशा बावीस बैठका झाल्या. मधल्या काळात काकडीची फाईल फिरत होती. कर्मचाऱ्यांना रोज काकडी द्यायची, असा ठराव होता. सर्वांत कमी दराची काकडी मागवली, नमुना म्हणून सीलबंद करून कपाटात ठेवली, आणि आठव्या दिवशी अख्खा विभाग नाकाला रुमाल लावून बसला. अहवालात 'काकडी उपलब्ध' अशी नोंद झाली.

"अहो, डबा रोज तसाच कसा परत येतो?" बायकोने विचारलं.

"कामात असतो गं. हृदयाचंच काम आहे."

शेवटच्या दिवशी दुपारी तीनला समन्वयकाच्या छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं. डावा हात जड पडला, दरदरून घाम फुटला. भिंतीवरचे माहितीफलक त्यानेच लिहिले होते, त्यामुळे लक्षणं तोंडपाठ होती. तो धडपडत साहेबांकडे गेला.

"साहेब, मला दवाखान्यात जायला हवं. हृदयाचं दिसतंय."

साहेबांचा चेहरा पडला. "आज? अहो, पंधरवड्यात हृदयाची एकही तक्रार नाही म्हणून आज मानपत्र मिळतंय आपल्याला, साडेपाचपर्यंत समारंभ आहे! तक्रार नसल्याच्या दाखल्यावर सही कुणाची आहे? तुमचीच ना?"

"पण दुखतंय हो."

"दुखू द्या ना. दुखण्याला कार्यालयाची हरकत नाही. फक्त हृदय म्हणू नका. गॅस म्हणा. गॅस आपल्या कक्षेत येत नाही."

"गॅसच असणार," बाई म्हणाल्या. शिपायानेही मान डोलावली. एवढ्या जणांनी सांगितल्यावर समन्वयकालाही ते पटलं. खरं सांगायचं तर त्याला फार बरं वाटलं. त्याने तक्रारवहीत स्वतःच्या हाताने 'गॅस' लिहिलं, खाली समन्वयक म्हणून सही केली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला. मानपत्र मिळालं, फोटो निघाले आणि पाच एकतीसला साहेबांनी स्वतःची गाडी दिली. माणूस मनाने वाईट नव्हता.

"तीनपासून दुखतंय?" दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई कडाडल्या. "अडीच तास करत काय होतात?"

"टाळ्या वाजवत होतो," तो म्हणाला.

जीव वाचला. हृदयाचा एक भाग मात्र कायमचा निकामी झाला. आता मुलीला शाळेत सोडायला जाताना तो दर दोन खांबांनंतर थांबतो आणि ती दप्तर सावरत उभी राहते.

तुम्ही हसलात, हरकत नाही. पण परवा जिना चढताना छातीत भरून आलं म्हणून तुम्ही मधेच कठडा धरून थांबला होतात. घरच्यांनी विचारल्यावर काय सांगितलंत? आणि तुम्हाला तर कुणी मानपत्रही देणार नव्हतं.