अक्षय्य तृतीयेचा पहिला प्रश्न

प्रत्यक्ष ब्रह्मदेव जरी पैसे गुंतवायला बदलापुरात आला, तरी त्याला एकही प्रश्न चुकवता येणार नाही, असं सुनेत्राने छातीठोकपणे जाहीर केलं होतं. करणारच! उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या क्लासात कॉम्प्युटर शिकून, घरच्या पोळ्या सांभाळून तिने सासऱ्यांच्या ऑफिससाठी स्वतः प्रोग्राम लिहिला होता. शहाण्णव साली स्टेशनसमोरच्या दुकानांच्या त्या ओळीत दुसऱ्या कुणाच्या सुनेने असं काही केलं असेल तर दाखवा.

सासरे म्हणजे अण्णा. अंबरनाथच्या फॅक्टरीतून रिटायर झाले आणि एका कंपनीची एजन्सी घेऊन गुंतवणूक सल्लागार होऊन बसले. त्यांची सल्ला द्यायची पद्धत सरळ होती. गिऱ्हाइकाचा चेहरा बघायचा, चहा मागवायचा आणि त्या आठवड्यात जी योजना जोरात असेल तिच्यात त्याला बसवून टाकायचं. वारस कोण, नुकसान सोसेल का, असलं काहीबाही विचारायचा कंपनीचा नियम होता, पण ती उत्तरं अण्णा स्वतःच भरत. स्वभावाच्या रकान्यात सगळ्यांना ‘धाडसी’ लिहीत. त्यांच्याकडे ऐंशी वर्षांच्या, काठी टेकत येणाऱ्या आजीसुद्धा धाडसी होत्या.

कंपनीला एवढ्या धाडसी आजींचा संशय आला. सोमवारी साहेब तपासणीला येणार, आणि प्रश्न खरोखर विचारले जात नाहीत असं दिसलं तर एजन्सी काढून घेणार, असा निरोप आला. अण्णांना जेवण जाईना. सुनेत्राने मात्र पदर खोचला.

तिच्या प्रोग्रामात पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय दुसरा येतच नसे. अण्णांचा स्वभाव ठाऊक असल्यामुळे तिने पळवाट काढायचं एस्केपचं बटणही बंद करून टाकलं होतं. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तरी समोर पहिलाच प्रश्न.

शनिवारी अक्षय्य तृतीया होती. अण्णांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, दारात नारळ वाढवला आणि मुहूर्ताचं गिऱ्हाईक म्हणून वांगणीच्या दौलतरावांना खुर्चीत बसवलं. मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे ठेवायला ते नवं धोतर नेसून आले होते. पडद्यावर मराठी प्रश्न इंग्रजी अक्षरांत उमटला. सुनेत्राने तो खणखणीत आवाजात वाचला.

“तुमच्या मृत्यूनंतर पैसे कोणाला द्यायचे?”

दौलतरावांच्या हातातला पेढा हातातच राहिला.

“अगं सूनबाई, मी पोरीच्या लग्नाचं बोलाला आलू, आन् तू मलाच आधी वर धाडतेस?”

“काका, नुसता प्रश्न आहे.”

“आजच्या दिशी? दुसरा काय हाय तो विचार.”

“पहिल्याचं उत्तर दिल्याशिवाय दुसरा येत नाही.”

“मंग मीबी येत नाय,” म्हणून दौलतराव टोपी घालून चालते झाले.

समोरच्या हॉटेलात बसून त्यांनी ही हकीकत चार लोकांना सांगितली. त्या चौघांनी ती आपापल्या परीने पुढे नेली. दुपारी चारपर्यंत, अण्णांच्या मशीनला माणसाचं मरण आधी कळतं, असं सगळ्या बाजारात झालं होतं. पाच वाजता ऑफिससमोर रांग लागली. अण्णांनी सवयीने सगळ्यांना चहा मागवला.

रांगेत पहिल्या होत्या शेजारच्या फुलांच्या गाळ्यावरच्या कौसाबाई.

“माझं नको बघूस बाय,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. “सासूचं बघ. अंदाजे सांगितलंस तरी चालेल.”

“मावशी, हे गुंतवणुकीचं मशीन आहे.”

“तर काय, मी पण सासूत आयुष्य गुंतवलंय.”

त्यांच्या मागच्या माणसाला घरमालकाचं बघायचं होतं. गुंतवणूक करायला मात्र कुणीच आलं नव्हतं. सगळ्यांना हात जोडून घालवता घालवता संध्याकाळ झाली, आणि सुनेत्राला अगदी रडू आलं. नियम पाळायला म्हणून केलेल्या यंत्राने एजन्सी सोमवारऐवजी शनिवारीच बुडवली होती.

“चल, दुकान वाढवू या,” अण्णा किल्ली घेऊन उठले.

सुनेत्रा त्यांच्याकडे बघतच राहिली. दुकान बंद करायचं तर आपण वाढवतो. नारळ फुटतो, पण आपण तो वाढवतो. घरातून निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. मग एवढा एक प्रश्न तेवढा आपण पंचनाम्यासारखा का विचारला?

“अण्णा, तुम्ही पुढे व्हा,” ती म्हणाली आणि पुन्हा खुर्चीत बसली.

प्रश्न एकही गाळायचा नाही, एस्केपही द्यायचा नाही, फक्त माणसांशी माणसासारखं बोलायचं, असं तिने ठरवलं. रविवारी ती स्वतः वांगणीला गेली. दौलतराव दारातून हलेनात, तेव्हा तिने त्यांच्या बायकोला गाठलं. मग ते हलले.

सोमवारी साहेब मांडी ठोकून शेजारी बसले. सुनेत्राने देवाचं नाव घेऊन वाचलं, “तुम्ही शंभर वर्षं जगा. त्यानंतर सगळं कोणाच्या हाती सोपवायचं?”

“शंभर?” दौलतराव खुलले. “तवर तं पोरगीच म्हातारी व्हईल. पण लिव, वृंदाचंच नाव लिव.”

“पैसा कधी वर, कधी खाली झाला, तर रात्री झोप लागेल?”

“झोप? एक कोंबडी खुराड्यात आली नाय तरी मी बॅटरी घेऊन गावभर फिरतो.”

प्रोग्रामने जोखमीच्या योजना आपोआप बाजूला काढल्या. दौलतरावांना शनिवारी नेमक्या त्यातल्याच एकीत बसवायचा अण्णांचा बेत होता. अण्णा खिडकीतून बाहेर बघू लागले. वृंदाचं लग्न केवढ्यावरून वाचलं, ते त्या सासऱ्या-सुनेलाच ठाऊक.

साहेबांनी शाबासकी दिली, चहा घेतला आणि एजन्सी ठेवून गेले.

अण्णांनी सुनेत्राला समोर बोलावलं. “सूनबाई, तू लाज राखलीस. आता तुझ्या नावावर मी काहीतरी ठेवणार. बस इकडे, आज गिऱ्हाईक तू.” त्यांनी चष्मा चढवला आणि एकेक अक्षर लावत वाचलं, “तुम्ही शंभर वर्षं जगा. त्यानंतर सगळं कोणाच्या हाती सोपवायचं?”

सुनेत्राने तोंड उघडलं. डोळ्यांसमोर घरी आजीजवळ ठेवलेली तीन वर्षांची लेक आली. एवढ्या गोड शब्दांत विचारलं तरी प्रश्न तोच होता मेला.

“अण्णा, हा नंतर भरू.”

“नंतर कसा? पहिल्याचं उत्तर दिल्याशिवाय दुसरा येत नाही.”

तिने हळूच एस्केप दाबलं. पुन्हा दाबलं. कुणीतरी ते बटण पक्कं बंद करून ठेवलं होतं. मग तिने टेबलाखाली पाय लांबवला, अंगठ्याने वायर ओढली, आणि पडदा काळा झाला.

“लाईट गेली वाटतं,” सुनेत्रा म्हणाली.

अण्णांनी डोक्यावर गरगर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं.

“बदलापूर आहे,” ते म्हणाले. “चालायचंच.”