परसू मेस्त्रींचा न बसलेला चिरा

तुमचं घर बांधणाऱ्या मेस्त्रीचा शेवटचा हप्ता तुम्ही दिलात का? खरं सांगा.

आमच्या गुंद गावचे परसू मेस्त्री हा प्रश्न तोंडाने विचारत नाहीत, भिंतीला विचारायला लावतात. पायापासून गिलाव्यापर्यंत प्रत्येक टप्प्याचा हप्ता ठरलेला. ज्या टप्प्याचे पैसे थकतात, त्याच्या नावाने दाराशेजारच्या भिंतीत एका चिऱ्याची जागा मोकळी राहते. पैसे आले की त्याच दिवशी चिरा बसतो.

"मामा, कागदावर लिहून घ्या की," मी मेस्त्रींना म्हणायचो.

"कागुद त्येंच्या कपाटात ऱ्हातो. भित्त रस्त्यावर ऱ्हाती."

बरोबरच आहे. घाम गाळणाऱ्याने हात का पसरायचा? आता सोयरिकीसाठी मुलाचं घर बघायला आलेले पाहुणे चहाआधी भिंतीतली भोकं मोजतात.

कुळगीच्या वाटेवर एकाने पर्यटकांसाठी होमस्टे बांधला. शेवटचा हप्ता तेवढा अडकला. पाहुणे येऊ लागले.

"मेस्त्री, हे भोक शोभतं का?" मालकाने विचारलं.

"भोक न्हवं सायब, बाकी हाय."

अखेर मालकाने नोटा काढल्या. मेस्त्रींची लेक खानापूरहून पहिल्या बाळंतपणाला येणार होती. दवाखान्याची सगळी भिस्त याच पैशांवर. मेस्त्रींनी थापी उचलली, भोकात डोकावले आणि थापी खाली ठेवली. आत दयाळ पक्ष्याची मादी अंड्यांवर बसली होती.

"आज पैसं न्हाई घ्यायचो."

"डोकं फिरलंय काय?"

"घेतलं की चिरा बसवाय लागंल. बाळंतीण हाय आत. उठवू कशी?"

"मामा, पैसे घ्या, चिरा मागाहून बसवा," मी कुजबुजलो.

"मग उद्या माझ्या भित्तीवर कोन इश्वास ठेवंल रं?"

"तर मग परत मागायला येऊ नकोस!" म्हणत मालक नोटांसकट आत गेला.

दवाखान्यासाठी मेस्त्रींनी मोटारसायकल विकली. पायी कामावर जाताना वाट वाकडी करून ते त्या भिंतीकडे लांबूनच बघून यायचे. एका सकाळी माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "पिल्लं उडाली. आन् नात झाली." कुठल्या बातमीने डोळे भरले होते, ते मला कळलं नाही.

घरटं रिकामं झालं. मालक फोन उचलत नाही. चिरा मेस्त्रींच्या अंगणात धुऊन ठेवलेला आहे.

कुळगीला जंगल बघायला याल, तेव्हा एवढं करा. मुक्कामाच्या घराला दाराशेजारी चिऱ्याएवढं भोक दिसलं, तर खोलीची चावी घेण्याआधी मालकाला विचारा, "हा चिरा कधी बसणार?"