सत्यभामाकाकूंच्या ओठांखालची ओळ

बोरी अरबमध्ये कॉम्प्युटरचं कोणतंही काम माझ्याकडे आणा, संध्याकाळपर्यंत करून देतो! हे मी दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, आणि त्या पाटीनेच मला वेळोवेळी तोंडघशी पाडलंय.

परवा पुंडलिकरावकाका एक डीव्हीडी सदऱ्याला पुसत दुकानात आले. त्यांच्या लेकीच्या, ममताच्या लग्नाची, चौदा वर्षांपूर्वीची. शूटिंग माझंच. काकांना तीन वर्षांपासून अजिबात ऐकू येत नाही, आणि त्यांच्या पत्नी सत्यभामाकाकू गेल्या दिवाळीत वारल्या.

"पाठवणीच्या वक्ती ममताची माय सरळ क्यामेऱ्यात पाहून कायतरी बोलून राह्यली," काका म्हणाले. "कान होते तवा लक्ष नाही देल्लं. आता कानच नाहीत. तू लिहून दे, अमर."

मला फार वाईट वाटलं. काम तसं सोपं. डीव्हीडीतला व्हिडिओ काढायचा आणि ऐकून लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरला द्यायचा. वेळेसकट सगळी वाक्यं टेक्स्ट फाइलमध्ये येतात, ती व्हिडिओला जोडली की टीव्हीवर खाली अक्षरं दिसतात. तासाभरात फाइल तयार! वरवर चाळली तर बरीच हिंदी दिसली. म्हटलं, आपल्याकडे तरी निव्वळ मराठी कोण बोलतं?

संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन काकांच्या घरी गेलो, तर काकांनी अर्धी आळी गोळा करून ठेवलेली. शेजारच्या शकुबाई सगळ्यांत पुढे.

पहिलंच दृश्य पंगतीचं. काकांचे सत्तरीतले थोरले भाऊ डोमाजी कढी ओरपतायत आणि खाली अक्षरं: 'मैं तो सोलह बरस की कली हूँ.' शकुबाईंनी तोंडात पदर कोंबला. आणि मला एकदम आठवलं. तेव्हा लग्नाची डीव्हीडी म्हणजे मूळ आवाज पुसायचा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणी बसवायची. लोकांना तेच आवडायचं. मशीनने बिचाऱ्याने इमानेइतबारे गाणी लिहून काढली होती!

बंद करायला धावलो, तर रिमोट काकांच्या मांडीखाली. तेवढ्यात त्यांनी तो काढून व्हिडिओ थेट पाठवणीवर नेला. काकू डोळे पुसत कॅमेऱ्याकडे वळल्या, हात हलवत काहीतरी बोलल्या, आणि खाली उमटलं: 'आ सजना, बाहों में भर ले.'

काका कानापर्यंत लाल झाले. "पाव्हण्यायसमोर?" मग त्यांनी ते तीनदा मागे नेऊन पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात असं एकदाही म्हणाली नाही, असं काहीसं पुटपुटत डोळे टिपले.

मला राहवेना. पेपरच्या कोऱ्या जागेवर लिहिलं, 'काका, हे गाणं आहे. काकूंचा आवाज मीच पुसला.' काकांनी ते वाचलं, पेपरची घडी केली आणि मांडीवर ठेवून दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ममताला तिच्या सासरी, राजूरला फोन लावला. पाठवणीच्या वेळी ती काकूंच्या कुशीतच होती, तिला आठवेल ही आशा. तिने सगळं ऐकलं, आधी हसली, मग रडली, मग सांगितलं. मी दुकानात पळत जाऊन गाण्याची ओळ खोडली, ममताने सांगितलेली घातली आणि परत येऊन व्हिडिओ पुन्हा लावला.

काकू कॅमेऱ्याकडे वळल्या. खाली आलं: 'त्या शूटिंगवाल्या पोराले जेवाले बसवा कोणी. सकाळपासून उपाशी उभं हाय.'

काकांनी टीव्हीजवळ जाऊन ओठ जुळवून पाहिले. "हो," ते म्हणाले, "हे तिचंच बोलणं."

आत गेले आणि माझ्यासाठी ताट वाढून घेऊन आले. अख्ख्या आळीसमोर मी मान खाली घालून जेवलो. नाही म्हणायचं तोंड होतं कुठे?