छातीत सात स्क्रू

एक्सरेबाईंनी कॅमेरा घेतला आणि घरात सांगितलं नाही. सांगायची सोयच नव्हती. आधी घेतलेलं शिवणयंत्र, नंतरचा कीबोर्ड आणि सगळ्यात शेवटची ती जागच्या जागी चालवायची सायकल, अशी तिन्ही मंडळी माळ्यावर एका ओळीत बसली होती. सायकल वर चढवून झाल्यावर नवऱ्याने कमरेला हात लावून शब्द घेतला होता, की यापुढे या घरात नवा छंद येणार नाही. बाईंनी शब्द दिला. देताना त्यांनाही खरंच वाटलं होतं, की आता आपल्याला काही नको.

कॅमेऱ्याची गोष्ट मात्र वेगळी होती. बाई बावीस वर्षं एका मोठ्या दवाखान्यात एक्सरे काढत होत्या, म्हणून तर सगळे त्यांना एक्सरेबाई म्हणायचे. दिवसाला साठ माणसांना हनुवटी वर करायला लावायची, श्वास रोखायला सांगायचं, बटण दाबायचं. एवढ्या वर्षांत एकाही माणसाने "फोटो छान आलाय हो" असं म्हटलं नव्हतं. लोक काळी फिल्म उजेडात धरायचे, चेहरा पाडायचे आणि निघून जायचे. एकदा तरी माणसाचा बाहेरून फोटो काढावा आणि त्याने तो बघून खूश व्हावं, एवढंच बाईंना हवं होतं. चार महिने त्यांनी वापरलेला कॅमेरा कसा घ्यावा याचे व्हिडिओ बघितले आणि एका मंगळवारी, कामावरून सुटल्यावर, जाहिरात देणाऱ्याच्या घरी जाऊन थडकल्या.

विकणारा गृहस्थ जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला होता. त्याने टेबलावर कॅमेरा, दोन लेन्स, पिशवी आणि झटकायचा ब्रश असं सगळं समान अंतरावर मांडून ठेवलं होतं. बाईंनी सवयीप्रमाणे आधी माहिती घेतली. कधीपासून आहे, पूर्वी कधी पडला होता का, पाण्यात गेला होता का, आत काही उघडून दुरुस्ती झाली आहे का. मोजणीदाराने सगळ्याची सरळ उत्तरं दिली. एकदा स्टुलावरून पडला होता, पण खाली गादी होती. "शनिवारी दुपारी बारापर्यंत वापरून बघा," तो म्हणाला. "नाही पटला तर परत आणा, मी एका शब्दाने विचारणार नाही. बारानंतर मात्र तो तुमचा." बाईंनी मान डोलावली आणि पिशवी खांद्याला लावली. घरी पोचल्यावर ती शिवणयंत्राच्या खोक्यात गेली, कारण त्या खोक्याला सात वर्षांत कुणाचा हात लागला नव्हता.

बुधवारी बाईंनी मोठी लेन्स न्हाणीघरात नेली आणि दार लावून आत टॉर्च मारला. काचेच्या मागे, एका कोपऱ्यात, कोळिष्टकासारखं बारीक जाळं दिसलं. व्हिडिओवाले याला बुरशी म्हणत. एक जण म्हणत होता की ही पसरते आणि शेजारच्या लेन्सलाही लागते. दुसरा म्हणत होता की सगळ्याच जुन्या लेन्समध्ये असते, घाबरू नका. मोजणीदाराला फोन केला तर तो म्हणाला, ते फोटोत येत नाही. आता आली का पंचाईत. परत करावा, तर दुसरा शोधायला आणखी चार महिने, आणि तोवर आपली हिंमत टिकणार नाही हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. ठेवावा आणि बुरशी पसरली, तर माळ्यावर चौथा मेंबर आणि नवऱ्यापुढे खाली मान.

अशा वेळी दुसरं कुणी माहितगाराकडे गेलं असतं. बाईंना आतलं बघायचं म्हटलं की एकच मार्ग माहीत होता. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, खोलीत कुणी नसताना, त्यांनी लेन्स एक्सरेच्या टेबलावर आडवी ठेवली.

पण यंत्राला नाव, वय आणि अवयव भरल्याशिवाय काम करायचं माहीत नव्हतं. यादीत नवऱ्याचं नाव तयारच होतं. सोमवारी त्याच्या ऑफिसची वार्षिक तपासणी होती, छातीचा एक्सरे बाईंनीच काढला होता, फक्त डॉक्टरांचा रिपोर्ट यायचा होता. बाईंनी विचार केला, याच्याच नावावर काढू, बघू आणि लगेच पुसून टाकू. घरचाच माणूस आहे. बटण दाबलं. पडद्यावर एकात एक गोल कड्या आणि स्क्रू लख्ख उमटले, बुरशीचा मात्र पत्ता नाही. काचेवरची बुरशी एक्सरेत दिसत नाही, हे त्यांना बावीस वर्षांपासून माहीत होतं, पण आठवलं ते आत्ता. तेवढ्यात शिडीवरून पडलेला एक रंगारी स्ट्रेचरवरून आला. लेन्स एप्रनच्या खिशात गेली, त्याच्यामागे आणखी अकरा जण आले, आणि पुसायचं राहिलं.

वरच्या मजल्यावरचे रिपोर्टवाले डॉक्टर म्हणजे विचारलं तेवढंच सांगणारे आणि दिसलं तेवढंच लिहिणारे. कुणाच्या छातीत काय असावं आणि काय नसावं, हा त्यांनी आपला विषय मानला नव्हता. त्यांच्यापुढे नेहमी सगळ्यात नवी फिल्म आधी उघडे. त्यांनी लिहिलं: "छाती. धातूच्या गोल कड्या, एकात एक, चार. बारीक स्क्रू, सात. फुफ्फुसं दिसत नाहीत. हृदय दिसत नाही. प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावं." खाली सही आली, क्रमांक आला आणि रिपोर्ट ठरल्याप्रमाणे नवऱ्याच्या फोनवर गेला.

आता नवरा. तो नोंदणी कार्यालयात कागद तपासायच्या टेबलावर होता. कागदावर क्रमांक, तारीख आणि सही असली, की पुढे त्याला कुणाचं ऐकायची गरज वाटत नसे. एकदा समोर उभ्या असलेल्या माणसाला, तुम्ही हयात नाही, असं नोंदवहीवरून पटवून त्याने परत पाठवलं होतं. तो माणूस जाताना माफी मागून गेला होता. तेव्हा रिपोर्ट वाचून नवऱ्याला शंका म्हणून आली नाही. उलट बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. जिना चढताना दम का लागतो, ते कळलं. स्क्रूंचंही कोडं राहिलं नाही. लहानपणी तो वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ उघडून बसायचा आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून तोंडात धरायचा. घड्याळ पुन्हा जोडलं की दर वेळी एक-दोन कमी भरायचे. ते गेले कुठे, याचा आज चाळीस वर्षांनी लेखी पुरावा मिळाला. बायकोने सोमवारी स्वतः एक्सरे काढला आणि एक शब्द बोलली नाही, म्हणजे तिने बघितलंय आणि आपल्यापासून लपवलंय, हेही त्याच्या लक्षात आलं. बिचारी, असं त्याच्या मनात आलं आणि त्याचे डोळे भरून आले.

शुक्रवारी घरातलं वातावरण बाईंना भलतंच वाटायला लागलं. नवरा सकाळी त्यांच्या आधी उठून चहा करून बसला होता. मग त्याने त्यांना कपाटापाशी बोलावलं आणि कुठल्या फाइलीत कुठला कागद आहे, ते एकेक करून दाखवलं. आवाज एकदम मऊ. याला खोकं सापडलं, त्यांनी मनात म्हटलं. आता हा ओरडणार नाही, असाच चांगुलपणाने जीव घेणार.

संध्याकाळी त्या कामावरून आल्या, तर हॉलच्या भिंतीवर घड्याळ नव्हतं. त्याच घड्याळावरून नवऱ्याचं आणि त्याच्या मोठ्या भावाचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. दोघांचंही म्हणणं एकच, की वडील ते आपल्याला देऊन गेले. नवऱ्याने दुपारी रजा टाकून, रिक्षा करून ते भावाच्या दारात नेऊन दिलं होतं. बाईंनी विचारलं तर म्हणाला, "दादाला हवं होतं ना. घेऊन कुठे जायचंय." एका लपवलेल्या कॅमेऱ्यासाठी माणूस एवढा विरक्त होईल असं बाईंना वाटलं नव्हतं. रात्रभर त्यांनी कबुलीची वाक्यं जुळवली.

शनिवारी सकाळी त्या वाक्यं घेऊन बाहेर आल्या, तर नवरा दाढी करून, ठेवणीतला शर्ट घालून खिडकीपाशी खुर्चीत बसलेला.

"माझा एक चांगला फोटो हवा होता," तो म्हणाला. "ओळखपत्रावरचा आहे, पण त्यात मी चोरासारखा दिसतो. इथे जवळ कुणी काढणारं आहे का गं?"

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माहीत असून किती आडून बोलतोय हा. त्या स्टूल लावून माळ्यावर चढल्या, खोकं उघडलं आणि कॅमेरा घेऊन खाली आल्या. नवऱ्याने कॅमेरा बघितला आणि नुसतं म्हणाला, "असू दे." त्याच्या दृष्टीने आता असल्या गोष्टींना काही अर्थ उरला नव्हता. बाईंनी मोठी लेन्स लावली. सवयीने तोंडातून आपोआप बाहेर पडलं:

"हनुवटी थोडी वर. खांदे सैल सोडा. श्वास घ्या. रोखा."

ते शब्द ऐकून नवऱ्याला सोमवार आठवला, तिने एकटीने तेव्हापासून पोटात ठेवलेलं गुपित आठवलं, आणि त्याने तिच्याकडे असं बघितलं, जसं लग्नाच्या एकवीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं. बाईंनी बटण दाबलं. "सोडा," त्या म्हणाल्या.

"मोठा करून ठेव," श्वास सोडत नवरा म्हणाला. "नंतर लागेल तुला."

"नंतर म्हणजे?"

"आता पुरे झालं गं. मला कळलंय सगळं." आणि त्याने फोन पुढे केला.

बाईंनी रिपोर्ट वाचला. चार कड्यांपाशी त्या थबकल्या आणि सात स्क्रूंपाशी त्यांना गुरुवारची जेवणाची सुट्टी आठवली. मग जुळवलेली सगळी वाक्यं बाजूला राहिली आणि हातातली लेन्स वर धरून त्यांनी सरळ सांगितलं, की अहो, हे तुम्ही नाही, ही आहे. बुरशी, जेवणाची सुट्टी, यादीतलं नाव, रंगारी, सगळं सांगून टाकलं. नवरा एकदा लेन्सकडे, एकदा फोनकडे बघत ऐकत होता.

"पण सही आहे याच्यावर," तो शेवटी म्हणाला.

"सही आहे. पण माणूस तुम्ही नाही."

मग त्याने छातीवर हात ठेवला आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "म्हणजे हृदय आहे?"

"आहे हो. सोमवारी मी स्वतः बघितलंय. जागच्या जागी आहे."

हे ऐकून त्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा त्याला पहिली आठवण घड्याळाची झाली. त्याने भावाला फोन लावला. भावाने सगळं ऐकून घेतलं, तुला काही झालेलं नाही याचा मनापासून आनंद झाला असं सांगितलं आणि घड्याळ भिंतीवर फार शोभून दिसतंय, असंही सांगितलं. नवऱ्याने फोन ठेवला आणि भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे तो बघत राहिला. त्याच्या मानेची शीर ताठलेली बाईंना दिसली.

त्यांनी कॅमेरा, दोन्ही लेन्स आणि ब्रश पिशवीत भरला. साडेअकरा झाले होते. मोजणीदाराचं घर वीस मिनिटांवर होतं. शब्द मोडला, घड्याळ घालवलं, नवऱ्याला दोन दिवस मरणाच्या दारात बसवून ठेवलं. आता कुठल्या तोंडाने कॅमेरा ठेवून घ्यायचा. चपला घालताना त्यांना रडू यायला लागलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"निघालीस कुठे?"

"परत द्यायला. बाराच्या आत द्यायचाय."

"आणि माझा फोटो?"

बाईंनी कॅमेरा काढून मागच्या पडद्यावर फोटो दाखवला. नवऱ्याने चष्मा लावला. खिडकीचा उजेड लेन्सच्या कोपऱ्यातल्या जाळ्यावर पडून सगळ्या चित्रभर धुक्यासारखा पसरला होता. त्यात गालावरचे खड्डे बुजले होते, टकलाभोवती मंद प्रकाश होता, आणि मध्ये कुणा थोर, समजूतदार पुरुषाचे ते डोळे. नवरा किती तरी वेळ बघत राहिला.

"माझ्या चेहऱ्यावर हे तेज कुठून आलं?"

बाईंनी एकदा लेन्सकडे बघितलं. "तुमचंच आहे," त्या म्हणाल्या.

"फोटो छान आलाय," नवरा म्हणाला.

एवढ्यावर बाई चपलांसकट सोफ्यावर बसल्या. त्यांना काय झालं ते नवऱ्याला कळलं नाही, तो आपला फोटो मोठा करून करून बघत होता. बारा कधी वाजले ते दोघांनाही समजलं नाही, कारण सांगायला भिंतीवर घड्याळ नव्हतं.

पुढच्या आठवड्यात फोटो दोन फुटी फ्रेममध्ये येऊन त्याच खिळ्यावर लागला. नवऱ्याने स्वतः पट्टी धरून सरळ केला. डॉक्टरांनी नवा रिपोर्ट पाठवला, त्यात फुफ्फुसं आणि हृदय दोन्ही होती. जुन्याबद्दल विचारलं तर ते म्हणाले, दिसलं ते लिहिलं. बाई आता सुट्टीच्या दिवशी उघडपणे कॅमेरा घेऊन बाहेर पडायच्या आणि लेन्स पुसायला कुणालाही हात लावू द्यायच्या नाहीत.

अशाच एका सकाळी बाई बाहेर गेल्या असताना विजेचं मीटर बघायला माणूस आला. नवरा दाढी करत होता. तोंडभर साबणाचा फेस आणि खांद्यावर टॉवेल अशा अवतारात त्याने दार उघडलं. मीटर आतल्या बाजूला होतं. माणूस हॉलमधून चालला आणि फोटोसमोर थांबला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, आवाज खाली आणला आणि विचारलं, "कधी गेले हो?"

नवऱ्याने फोटोकडे बघितलं. मग वस्तरा टॉवेलला पुसत तो म्हणाला,

"शनिवारी जाणार होतो. राहून गेलं."