धनेशवहिनींची भिंत

एका जंगलात, ज्याचं नाव सांगितलं तर तिथले दोन प्राध्यापक माझ्यावर धावून येतील, एक खवले मांजर राहत होतं. मुलांनो, खवले मांजर म्हणजे मांजर नव्हे. अंगभर टणक खवले, वारूळ फोडायला भक्कम नखं, आणि भीती वाटली की चेंडूसारखं गुंडाळून बसायचं, असा तो प्राणी. आपल्या गड्याचं नाव दिगंबर खवले.

दिगंबर वारुळं सोडून संशोधन करत होता. विषय होता ‘जपानी वसाहतकालीन साहित्यातील बंदिवास आणि परकेपण’. अकरा वर्षं झाली होती.

फार पूर्वी जपानातल्या कोल्ह्यांनी शेजारची बेटं घेतली. तिथल्या अस्वलांना पिंजऱ्यात घातलं. मग पिंजऱ्यासमोर बसून त्यांच्या दुःखावर फार हळव्या कादंबऱ्या लिहिल्या. तीन-तीनशे पानं कोल्हा रडायचा. अस्वल एक अक्षर बोलायचं नाही.

दिगंबरला जपानी येत नव्हतं. त्याने त्या कादंबऱ्यांच्या भाषांतरांना लिहिलेल्या प्रस्तावना वाचल्या होत्या. तेवढ्यावर पळसाची साडेतीनशे पानं भरली होती.

त्याचे मार्गदर्शक होते गवाणकर सर. भलाथोरला गवा. एकच मुद्दा चार वेळा चघळायचे आणि त्याला परंपरा म्हणायचे.

“खवले, पौर्णिमेला प्रबंध द्या,” ते म्हणाले. “आता मुदतवाढ नाही. तुमच्यानंतर नाव नोंदवलेला मुंगूस निवृत्तसुद्धा झाला. आणि काय हो, तुम्ही बंदिवान पाहिलाय का कधी?”

“वाचलाय, सर.”

“एखादा बघून या. परिशिष्टाला बरं दिसतं.”

पौर्णिमेला चार दिवस होते. दिगंबर बंदिवान शोधायला निघाला, आणि शेजारच्याच बेहड्यावर त्याला तो सापडला. झाडाची ढोली लेप देऊन बुजवलेली. मध्ये एक फट. फटीतून चोच बाहेर. बाहेर बसलेला धनेश पक्षी त्या चोचीत उंबरं भरवत होता. तो उडून गेल्यावर दिगंबर धापा टाकत वर चढला.

“वहिनी, तुम्हाला कोंडलंय.”

“मीच कोंडून घेतलंय, भाऊजी,” आतून धनेशवहिनी म्हणाल्या. “दर वर्षी घेते. भिंत मीच लिंपते, आतून. पिल्लं आहेत ना दोन.”

दिगंबरला गहिवरून आलं. त्याने पान काढून लिहिलं, ‘बंदिवानाला पिंजरा स्वतःचाच वाटू लागतो.’ खाली एका प्रस्तावनेचा पृष्ठक्रमांक टाकला.

“काय लिहिलंत?”

“तुमचं दुःख.”

“मग वाचून दाखवा की. मलाही कळू दे.”

“ते तुमच्यासाठी नाही, वहिनी. विद्वानांसाठी आहे.”

“बरं. मग जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.”

दिगंबर बाजूला झाला नाही. “घाबरू नका,” तो म्हणाला. “मी तुमच्या भल्यासाठीच आलोय.” आणि त्याने नखं चालवली. मुलांनो, अकरा वर्षांत त्याला नीट जमलेलं ते पहिलंच काम. भिंत खाली आली.

आत वहिनी होत्या, उघडीबोडकी दोन पिल्लं होती, आणि तळाशी पिसांचा ढीग. धनेशाची मादी ढोलीत बसली की तिच्या पंखांची पिसं झडतात. नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही. हे कुठल्याच प्रस्तावनेत नव्हतं.

झाडाखाली एक घोरपड पंधरा दिवस वाट बघत बसली होती. तिने मान वर केली.

“सर, झालं का तुमचं? मग मी येते वर.”

दिगंबरची पाचावर धारण बसली. तो जागच्या जागी गुंडाळला आणि ढोलीच्या तोंडात बुचासारखा गच्च बसला. घोरपडीने दोनदा चावा घेतला, दात दुखले, आणि ती खालच्या फांदीवर जाऊन बसली.

“हलू नका,” आतून वहिनी म्हणाल्या.

“हलताच येत नाहीये.”

“ते एक बरं. चारी बाजूंनी लिंपून घेते तुम्हाला. वाळायला आठ दिवस लागतील.”

“पौर्णिमेला माझा प्रबंध आहे, वहिनी.”

“असेल.”

लेप कशाचा होता ते मी जेवणाआधी सांगत नाही. वहिनींनी वर एक फट ठेवली. संध्याकाळी धनेश आला. “हे काय नवीन?” त्याने विचारलं. “दार,” वहिनी म्हणाल्या. त्याने अधिक चौकशी केली नाही.

नाक स्वतःच्याच पोटात, वर काळोख. दिगंबर विचार करू लागला. ‘मी तुमच्या भल्यासाठीच आलोय.’ हे वाक्य आपण कुठे वाचलंय? दुसऱ्या दिवशी आठवलं. टिपण क्रमांक चौदा. बेटावर पहिलं पाऊल टाकताना कोल्हा अस्वलाला हेच म्हणतो. दिगंबरने त्याखाली तीन रेघा ओढल्या होत्या आणि शेजारी लिहिलं होतं, ‘धूर्त.’

पौर्णिमेला सकाळीच गवाणकर सर त्याला शोधत झाडाखाली येऊन उभे राहिले. एवढा मोठा गवा बघून घोरपड तेवढ्यापुरती झुडपात सरकली.

“खवले, आज तारीख.”

“सर, अडकलोय.”

“कशात?”

“भिंतीत.”

“सैद्धांतिक?”

“नाही सर, ओल्या.”

“मग निघून या. नाहीतर नोंदणी रद्द.”

लेप अजून मऊ होता. घोरपड लांब होती. एक हिसका दिला असता तर दिगंबर सुटला असता. पण एक पिल्लू त्याच्या शेपटीवर मान टाकून झोपलं होतं, आणि झोपलेल्याला उठवायचा त्याला पहिल्यापासून फार संकोच. याला धैर्य म्हणू नका.

“चार दिवसांनी येतो, सर,” तो म्हणाला.

चार दिवसांनी कडेचा लेप दगडासारखा झाला. वहिनींनी मधून त्याला ढकलून दिलं आणि राहिलेलं भोक दोघा नवराबायकोंनी घटकाभरात बुजवलं. घोरपड तोवर कंटाळून दुसऱ्या झाडाखाली गेली होती.

गवाणकर सरांनी नोंदणी रद्द केली नव्हती. त्यांच्या हाताखाली आजवर एकाचाही प्रबंध पुरा झाला नव्हता. दिगंबरने साडेतीनशे पानांवर एक पान वाढवून दिलं. त्यावर एकच ओळ होती : ‘बंदिवानाचे म्हणणे : बाजूला व्हा, उजेड अडतोय.’

सरांनी ती चार वेळा चघळली. “पृष्ठक्रमांक?”

“वहिनी म्हणाल्या, सर.”

“म्हणालेलं चालत नाही. छापलेलं लागतं. हे पान काढा आणि पदवी घ्या.”

त्याने काढलं का? मुलांनो, अकरा वर्षं झाली होती. काढलं.

आता तो डॉक्टर खवले आहे. बेहड्याखालून जाताना थोडा वळसा घालून जातो, उजेड अडू नये म्हणून. हे मला कसं ठाऊक, असं विचारू नका. माझ्या पाठीवरच्या एका खवल्याला लेप अजून चिकटलेला आहे, घासला तरी जात नाही.

तात्पर्य : परक्याचं दुःख समजून घ्यायचं असेल, तर त्याच्यापासून दोन समुद्र लांब बसून प्रस्तावना वाचाव्यात. जवळ गेलं की तो बोलू लागतो, आणि बोलण्याला पृष्ठक्रमांक नसतो.