लाल दिवा म्हणजे बंद!

"मला माझी वाट सापडली!" धाकटीने सकाळी चहाच्या टेबलावर जाहीर केलं. बाबांनी वर्तमानपत्रातून मानही वर काढली नाही. वर्षभरात सापडलेली ही चौथी वाट होती. आधी केक झाले, मग फोटोग्राफी, मग कुत्र्यांना शिस्त लावायचा वर्ग. त्यातून कुत्री होती तशीच राहिली आणि धाकटी तीन इंजेक्शनं घेऊन घरी आली.

"आता कोणती?" आईने विचारलं.

"निवेदिका! त्या पाच मजली दुकानात माइकवर बोलायचं. आज अकराला मुलाखत!"

"आणि विमा कंपनी?"

"सोडली! काल राजीनामा देऊन मोकळी झाले."

आता मात्र बाबांचा पेपर खाली आला. "अगं, ही नोकरी मिळायच्या आधीच?"

"बाबा, माझा आवाज एकदा ऐकू दे त्यांना. पायघड्या घालतील पायघड्या!"

धाकटी साडेदहालाच तिथे हजर. निवेदनाची खोली म्हणजे गाद्या लावलेलं कपाटच! आतला आवाज बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. तिथल्या काकू तीस वर्षं माइकवर बोलून आता निवृत्त होणार होत्या. त्यांनी तिच्या हातात नमुन्याच्या घोषणांचा एक कागद दिला.

"मॅनेजर येईपर्यंत हा वाचून बघ. मी चहा घेऊन येते. आणि त्या लाल दिव्याकडे लक्ष ठेव बरं का!"

एवढं सांगून काकू गेल्या. धाकटी खुर्चीत ऐसपैस बसली, पर्स टेबलावरच्या बटणांवर ठेवली आणि लाल दिवा लागला. वा! लाल म्हणजे बंद, हे रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. आता बिनधास्त सराव करायचा!

"लाल टोपी घातलेला चार वर्षांचा मुलगा हरवला आहे होऽऽ!" तिने काळीज पिळवटून टाकणारा सूर लावला.

बाहेर दुकानभर हलकल्लोळ! पाच मिनिटांत चौकशीच्या खिडकीशी लाल टोपीची सात मुलं जमा झाली. त्यातली सहा आपापल्या आयांच्या हातातून ओढून आणलेली, आणि सातवा तर चांगला मिशीवाला होता.

धाकटीला काय पत्ता! तिने पुढची ओळ घेतली. कागदावर होतं 'नऊ टक्के सूट'. नऊ? नवात कसली आलीय मजा? सरावच तर आहे!

"सगळ्या वस्तूंवर नव्वद टक्के सूट! फक्त दहा मिनिटं!"

दाराच्या गोल काचेतून तिने पाहिलं, तर लोक नुसते धावत होते. एका आजोबांच्या डोक्यावर उशी, दोन बायकांच्या मध्ये एकच गालिचा. 'काय जोरात धंदा आहे!' म्हणत ती खुशीत परत बसली. आता शेवटची ओळ. इथे तर तिने डोळ्यांत पाणीच आणलं.

"सर्वांनी ताबडतोब इमारतीबाहेर पडा! वस्तूंपेक्षा जीव मोलाचा आहे!"

दार धाडकन उघडलं. घामाने निथळणारा मॅनेजर! त्याचा घसा ओरडून ओरडून पार बसला होता.

"कोण... कोण बोलत होतं?"

"मी!" धाकटी लाजली. "आवडला का आवाज?"

मॅनेजरने नुसतं लाल दिव्याकडे बोट दाखवलं. "माइक चालू आहे," तो कसाबसा म्हणाला. "चालू!"

धाकटीच्या पायाखालची जमीन सरकली. ती रस्त्यावर धावली. बाहेर सहाशे माणसं! निम्मी घाबरलेली, निम्मी हातातली उशी-गालिचे न सोडणारी, आणि सगळी एकदम बोलणारी. मॅनेजर मध्ये उभा राहून तोंड हलवत होता, पण आवाज फुटेल तर शपथ! एक म्हातारी ढकलाढकलीत पडता पडता वाचली.

ते बघून धाकटी सूर, मुलाखत, सगळं विसरली. तिथल्या कट्ट्यावर चढली आणि पोटातून ओरडली, "थांबाऽऽ! आग नाही, सूट नाही, चूक माझी! आजी, तुम्ही इथे बसा. सामान हातात आहे त्यांनी डावीकडे रांग लावा. बाकीचे उजवीकडे. मिशीवाले काका, ती टोपी काढा, गोंधळ होतोय!"

रस्ता चिडीचूप झाला. मग लोक हलले, पण ओळीने! दहा मिनिटांत उशीन् उशी आत गेली. धाकटी खाली उतरली तेव्हा आतून ती अशी फुलली होती, जशी केकच्या किंवा फोटोच्या दिवसांत कधीच फुलली नव्हती.

मॅनेजर जवळ आला. "उद्या नऊला कामावर या."

"माइकवर?"

"माइकच्या आसपाससुद्धा नाही! दारावर. गर्दी सांभाळायला."

क्षणभर तिचा चेहरा पडला. मग रांगेकडे नजर गेली आणि ती टुणकन उडी मारून म्हणाली, "चालेल! पळेल! गणवेश मिळेल ना? आणि पहारेकऱ्यांसारखी शिट्टी?"

मॅनेजरने दोन्ही हात जोडले.

"बाई, शिट्टी कशाला? वर काचसामानाचा विभाग आहे हो आमचा!"