मधले सर

रिकाम्या बाकड्यावरही बरोब्बर मधोमध बसणारा माणूस पाहायचा असेल, तर लातुरात आमच्या क्लासवर चहाच्या वेळी या. ते केमिस्ट्रीचे मधले सर. तुम्ही गेलात तर ते सरकणार नाहीत, नुसते "बसा की" म्हणतील. 'मधले' हे त्यांचं आडनाव नव्हे. रुजू होताना "मला मधले म्हणा," एवढंच म्हणाले. हदगाव-चाकूरहून डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांच्या गर्दीत कारण विचारायला वेळ कुणाला होता?

क्लासचे पेपर मी कॉम्प्युटरवर लावतो. साध्या मजकुरात ओळीआधी आकडा आणि टिंब दिलं, की पुढचा क्रम यंत्र स्वतःच लावतं. मधला एक प्रश्न काढा, खालचे सगळे गुपचूप एकेक घर वर सरकतात. मला ही सोय वाटायची. सरांना अधर्म वाटायचा.

"चौदावा गेला म्हणून पंधराव्यानं चौदावा व्हायचं व्हय? ज्याची जागा त्याची!"

एकदा चौदावा प्रश्न चुकीचा निघाला. सरांनी तो काढला आणि हातानं लिहिलेल्या उत्तरसूचीत चौदाची जागा कोरी ठेवली. पेपरात मात्र यंत्रानं ती भरून टाकली, आणि पुढची सगळी उत्तरं एकेक घर चुकली. निकालात हुशार पोरं धडाधड आपटली आणि मागच्या बाकावरचा एक पठ्ठ्या पहिला आला. त्याच्या वडिलांनी मुदखेडहून पेढे आणले. आम्ही ते खाल्ले, चूक मग कळली.

क्लासचे तरुण मालक भडकले. मी सरांना युक्ती दाखवली : आकडा आणि टिंब यांच्यामध्ये एक तिरपी रेघ मारायची, मग यंत्र तुमच्या आकड्याला हात लावत नाही. सरांना आभाळ ठेंगणं झालं. तेव्हापासून त्यांच्या पेपरात रेघाच रेघा.

मालकांचा राग उरला होता. नव्या फ्लेक्सचा मजकूर मला सांगताना ते सरांना म्हणाले, "आन् हे मधले काय लावलंय? थोरले सर छापू. आमच्यात वयानं तुम्हीच थोरले."

"तसं छापलं तर उद्यापासून मी येत न्हाई," सर म्हणाले.

"अहो, नोकरी सोडताव का एका शब्दापायी?"

"थोरला भाऊ हाय माझा. धाकलाबी हाय. भूकंपात दोघंबी गावाकडं घरातच गेले. मी हितं शिकायला होतो म्हणून राहिलो. तेराव्यालाच लोक मला थोरलं म्हणाय लागले होते." त्यांचा आवाज चढला नाही. "ते गेले म्हणून मी वर सरकू व्हय?"

मालकांनी फ्लेक्सचा कागद माझ्या हातात दिला. म्हणाले, "मधले सरच ऱ्हाऊ द्या."

चहा आला. सर बाकड्यावर मधोमध बसले. कप घेऊन मी उभाच राहिलो.

"बसा की," डावीकडची जागा हातानं पुसत ते म्हणाले. "धाकल्याची हाय. तो काय म्हणत न्हाई."

मी बसलो, अगदी कडेला.